प्रगतिपत्रकांची मांडणी : एकदाच करावयाचे काम

संगणकाकडून विद्यार्थ्यांची प्रगतिपत्रके सिद्ध करून घेण्याची रीत आता काही शाळांत रुळू लागली आहे. ही इष्टच गोष्ट होय. तथापि एका द्विशिक्षकी शाळेस भेट दिली असता जे दिसले, त्यावरून चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटते. तेथील तरुण गुरुजींनी ‘आर’ या संगणकभाषेत लहानसा प्रोग्रॅम लिहून ४३ मुलांची पत्रके काही मिनिटांत काढली होती. पुढे ती नीटनेटकी दिसावीत म्हणून प्रत्येक पत्रकाचा मथळा ठळक करणे, अक्षर मोठे करणे, समास सारखे करणे यांत त्यांच्या दोन रात्री गेल्या. तिसऱ्या दिवशी गणिताच्या गुणांत चूक आढळली. पत्रके पुन्हा काढावी लागली आणि हाताने केलेली सारी सजावट पुसली गेली. गुरुजींची चिकाटी वाखाणण्याजोगी खरी; सजावटीची जागा मात्र चुकली होती.

जुन्या छापखान्यात लेखक हस्तलिखितावर ‘हा मथळा’, ‘हा परिच्छेद’ एवढेच सांगे. त्यास कोणता टाइप लावावयाचा ते छापखान्यात ठरे. येथेही तसेच आहे. आर मार्कडाउनमध्ये आपण मजकूर व आकडेमोड लिहितो, आणि त्यातून वर्डची फाइल बनविण्याचे काम पॅनडॉक हा प्रोग्रॅम करतो. (बर्कली येथील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी तो २००६ साली प्रथम प्रसिद्ध केला, हे वाचून आपल्यातील भाषाशिक्षकांस धीर यावा!) पॅनडॉक प्रत्येक परिच्छेदास केवळ एका शैलीचे नाव देतो. ती शैली दिसावी कशी, हे तो एका नमुना-फाइलीवरून घेतो. ती फाइल आपणांस बदलता येते.

त्यासाठी प्रथम एक पत्रक जसे निघेल तसे काढावे. ते वर्डमध्ये उघडून, मजकुरास हात न लावता, शैलींच्या यादीतील ‘हेडिंग १’, ‘फर्स्ट पॅराग्राफ’, ‘बॉडी टेक्स्ट’ आणि कोष्टकातील मजकुराची ‘कॉम्पॅक्ट’ या शैली सुधाराव्यात. पानाचा आकार, समास व शिरोभागी शाळेचे नाव हेही तेथेच ठरवावे. ही फाइल वेगळ्या नावाने जतन करून, मूळ लेखाच्या आरंभीच्या सूचनांत ‘रेफरन्स’, अधोरेषा व ‘डॉकएक्स’ मिळून जी सूचना होते, तिच्यापुढे ते नाव लिहावे. नमुन्यातील मजकूर पॅनडॉक सोडून देतो.

मराठी पत्रकांत पुष्कळांची गाडी एका ठिकाणी अडते. शैलीचा फॉन्ट बदलला तरी देवनागरी अक्षर जसेच्या तसे राहते. कारण वर्ड रोमन लिपीचा फॉन्ट वेगळा ठेवतो व आपल्या लिपीचा वेगळा. शैली सुधारताना फॉन्टच्या चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असा स्वतंत्र भाग असतो. फॉन्ट व त्याचा आकार दोन्ही तेथे निवडावेत.

सरासरी ‘६६.६६६६७’ अशी छापली जात असेल तर तो दोष नमुन्याचा नाही. अपूर्णांक किती स्थळांपर्यंत ठेवावयाचे ते प्रोग्रॅममध्येच सांगावे लागते.

रंगांविषयी माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी वाचनात मागे असलेल्या मुलांची नावे यादीत आपोआप तांबडी व्हावीत अशी योजना केली होती. मूळ प्रत सुरेख निघाली. शाळांना गेल्या त्या मात्र झेरॉक्स प्रती, आणि त्यांत सर्वच नावे काळी! इयत्ता तिसरीतील एक मुलगी त्यामुळे संपूर्ण सत्र जादा तासांवाचून राहिली. तिच्या बाईंना यादीत काही खूण होती हेच ठाऊक नव्हते. तेव्हापासून मी शेवटी एक रकाना ठेवतो व त्यात ‘वाचनास मदत हवी’ असे अक्षरांत छापवितो. रंग हवा तर असावा, पण त्याच्या जोडीस अक्षर हवेच. पत्रके वाटण्यापूर्वी एका पत्रकाची झेरॉक्स काढून ती वर्गाबाहेरच्या कोणास तरी वाचावयास द्यावी.

ज्यांचा नमुना तयार झाला असेल त्यांनी तो पुढील केंद्रसंमेलनास पेन ड्राइव्हवर आणावा. पॅनडॉकच्या मूळ नमुन्यात कोष्टकास उभ्या रेघा नसतात. त्या ‘टेबल’ या शैलीत कशा घालावयाच्या, ते तेथे प्रत्यक्ष करून पाहू.