चौदा सूत

मुंबईच्या भंगारातून हाती लागलेला एक कार्ड केज मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रींच्या बाकड्यावर ठेवला, तेव्हा हे कसलं यंत्र असं त्यांनी विचारलंच नाही. पत्रा चिमटीत धरून जाडी पाहिली, वाकवलेल्या कडेवरून नख फिरवलं आणि बरोबर आलेल्या रॅकच्या उभ्या पट्टीवरची भोकं मापायला घेतली. पाच सूत, पाच सूत, चार सूत. पुन्हा पाच, पाच, चार. भोकं सारख्या अंतरावर नाहीत, हे त्यांच्या डोळ्याला खुपलं.

चूक नव्हती. आठ सुतांचा इंच, म्हणजे तीन अंतरं मिळून चौदा सूत, पावणेदोन इंच. १९ इंची रॅकचा हा एक 'यू', ४४.४५ मिलिमीटर. हे माप कॉम्प्युटरवाल्यांनी काढलेलं नाही. टेलिफोनचे आणि सिग्नलचे रिले ज्या चौकटींत बसवत, त्यांच्याकडून ते वारशाने आलं. आजचा सर्व्हरही याच मापाने विकला जातो. पेटी एक भोक वर चढवून बसवली की वरच्या पेटीला जागा उरत नाही आणि खाली मात्र फट राहते. ही चूक एकदा तरी न केलेला इंजिनिअर मला भेटलेला नाही.

केज म्हणजे पिंजरा खरा, पण मला तो फडताळासारखा वाटतो. दोन बाजूंना पत्रा, वर-खाली खाचांच्या पट्ट्या, मागे कनेक्टरांची भिंत. तिला बॅकप्लेन म्हणतात. कार्ड खाचेत धरायचं, सरकवायचं, शेवटचा इंचभर अंगठ्यांनी दाबायचं.

अमेरिकेतल्या मेनार्ड गावी लोकरीच्या एका जुन्या गिरणीत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा कारभार चाले. (कोल्हापूरकरांनी शाहू मिल डोळ्यापुढे आणावी.) तिथून १९६५ मध्ये पीडीपी-८ हा कॉम्प्युटर बाहेर पडला. किंमत १८ हजार डॉलर. त्या काळच्या कॉम्प्युटरच्या मानाने हे स्वस्तच. आत ट्रान्झिस्टरची छोटी छोटी कार्डं आणि मागे चौकोनी पिनांचं रान. पिनेला तार डाग देऊन जोडलेली नसे, तर ताणून गुंडाळलेली असे. पिनेच्या धारदार कोपऱ्यांत ती इतकी रुतते की सांधा वर्षानुवर्षं टिकतो. यंत्राचं डोकं कार्डांत होतं म्हणतात, पण कुठलं कार्ड कुणाशी बोलणार हे ठरायचं त्या तारांच्या गुंत्यात. १९७० च्या पीडीपी-८/ई ने हा गुंता बराच सोडवला. सगळ्या खाचांना त्याच तारा, त्यामुळे बहुतेक कार्डं कुठेही बसवा.

डेटा जनरल कंपनीच्या एडसन डी कॅस्ट्रोने १९६९ मध्ये उलटी वाट धरली. त्याच्या नोव्हा यंत्राचा सगळा प्रोसेसर १५ इंची चौरस अशा दोनच बोर्डांवर होता. बोर्ड मोठा केला की मागची जोडणी कमी होते आणि यंत्र स्वस्त पडतं. हुशारी मान्य, पण माझं मन छोट्या कार्डाकडेच ओढतं. बिघडलेला तुकडा जितका लहान, तितकी दुरुस्ती आवाक्यात.

आपल्याकडे तर हा मुद्दा फारच जिव्हाळ्याचा. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बारा बिटांचा टीडीसी-१२ उभा राहिला तोही १९६९ मध्येच. नावातला 'टी' ट्रॉम्बेचा. पुढे हैदराबादच्या ईसीआयएलने टीडीसी-३१२ आणि सोळा बिटांचा टीडीसी-३१६ काढला. सुटा भाग बाहेरून मागवायला परवाना लागायचा ते हे दिवस. अशा वेळी कार्ड उपसून दुसरं घालता येणं ही चैन नव्हती.

माझा केज पीडीपी-११ च्या जातीचा. हे यंत्रही डिजिटलचंच, १९७० चं. त्यातलं पूर्ण लांबीचं कार्ड शेजारी शेजारी सहा कनेक्टरांत बसतं, ए ते एफ. प्रत्येकात दर बाजूला अठरा पट्ट्या, एकूण २१६. पट्ट्यांना नावं इंग्रजी अक्षरांची, पण जी, आय, ओ, क्यू वगळून. वाचताना घोटाळा नको म्हणून. दोन पट्ट्यांमधलं अंतर बरोबर एक सूत. मिस्त्रींनी हे ऐकलं आणि लगेच खाचेच्या पट्टीला हात घातला. मोल्डिंग बॉक्सची पिन सैल झाली की वरचा आणि खालचा साचा सरकतो आणि कास्टिंग वाया जातं, हे उद्यमनगरातलं पोरही सांगेल. इथेही तेच. खाच अर्धं सूत ढळली की सोन्याच्या मुलाम्याची पट्टी शेजारणीला चिकटते.

केज अगदी रिकामा नव्हता. एका खाचेच्या चौथ्या कनेक्टरात काड्यापेटीहून जरासं मोठं कार्ड अडकलेलं होतं. चिप एकही नाही, नुसत्या तांब्याच्या रेषा. मी ते तुटलेल्या बोर्डाचा तुकडा समजून फेकणार होतो.

पीडीपी-११ मध्ये कार्डाला प्रोसेसरचं लक्ष हवं असलं की ते हाक देतं, आणि प्रोसेसरची परवानगी कार्डाकार्डातून पुढे सरकत येते. स्लॅब टाकताना घमेली हातोहात जातात तशी. मधला एक गडी तंबाखू मळायला बाजूला झाला की पलीकडचे नुसते हात पसरून उभे. खाच रिकामी राहिली की यंत्राचं हेच होतं, म्हणून तिथे बदली गडी म्हणून हा तुकडा उभा करायचा. मेमरीशी प्रोसेसरला वगळून थेट व्यवहार करणाऱ्या कार्डांची परवानगी वेगळी. तिच्यासाठी बॅकप्लेनच्या मागे सीए१ ते सीबी१ अशी एक तार गुंडाळलेली असते. तसं कार्ड बसवताना ती काढायची आणि कार्ड काढलं की पुन्हा गुंडाळायची. ही तार विसरून लोकांनी अख्ख्या रात्री घालवल्या आहेत.

बाकी केजचे शत्रू साधेच. पंख्यापुढच्या फोमचा काळानुसार चिकट भुगा होतो आणि तो वाऱ्याबरोबर कार्डांवर जाऊन बसतो. आपल्या पावसाळ्यात कनेक्टर काळवंडतात. पट्ट्या खोडरबराने घासायची जुनी सवय आहे, पण त्याने मुलामाही जातो. मी स्पिरिट आणि सुती फडकं वापरतो.

मिस्त्रींनी वाकलेली पट्टी लाकडी हातोडीने दोन ठोक्यांत सरळ केली, खाचेत एक कोरा पत्रा सरकवून पाहिला, आणि मग ते चिमुकलं कार्ड उचलून कुठल्या खाचेत होतं ते विचारलं. मी खूण करून ठेवली नव्हती.