चौकटीतली पाच मूल्ये

निवृत्तीच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०१९ साली, आमच्या शाखेत एक खोके आले. थर्मोकोलच्या दोन तुकड्यांमध्ये जपून ठेवलेली काचेची एक चौकट त्यात होती. वर बँकेचे बोधचिन्ह आणि खाली ठळक अक्षरांत 'आमची मूल्ये'. सचोटी, ग्राहकनिष्ठा, संघभावना, नावीन्य आणि सामाजिक बांधिलकी, अशी पाच. सोबतच्या पत्रात लिहिले होते की चौकट दारातून आत येताच दिसेल अशा जागी लावावी आणि तिचा फोटो त्याच दिवशी क्षेत्रीय कार्यालयाकडे पाठवावा.

आता भिंतीत खिळा ठोकायचा कोणी? आमचा शेवटचा शिपाई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता आणि त्याची जागा भरली गेली नव्हती. मीच खुर्चीवर चढलो. पैसे काढायला आलेल्या एका शेतकऱ्याने आपणहून खुर्ची धरली. खाली उतरल्यावर त्याने विचारले, "साहेब, काय लिहिलंय त्याच्यात?" मी पाचही शब्द वाचून दाखवले. त्याने ते नीट ऐकले, मान डोलावली आणि म्हणाला, "चांगलं आहे. पण माझं पासबुक आज तरी भरून मिळंल का?" छपाईचे यंत्र आठ दिवसांपासून बंद होते.

बँकेचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. ज्या संस्थेने सदतीस वर्षे पोटाला घातले, तिची उणीदुणी चव्हाट्यावर मांडणे बरे नव्हे. शिवाय ही गोष्ट एका बँकेची नाहीच. ज्यांची मुले पुण्याच्या हिंजवडीत किंवा आमच्याकडे वाळूजला नोकरी करतात, त्यांनी मुलांना विचारून पाहावे. चौकट तिथेही असते, फक्त शब्द थोडे पुढेमागे.

चौकटीपाठोपाठ पाहणी आली. 'तुम्हाला या संस्थेत काम करण्याचा अभिमान वाटतो का?' असे प्रश्न आणि एक ते पाच गुण, सगळे मोबाईलवर. उत्तर देणे ऐच्छिक, नाव गुप्त. तिसऱ्या दिवशी क्षेत्रीय कार्यालयाचा फोन आला की तुमच्या शाखेतून शंभर टक्के उत्तरे का आली नाहीत? आमच्या तरुण उपशाखाधिकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचे मोबाईल गोळा केले आणि सर्वांच्या वतीने सर्व प्रश्नांना पाचपैकी पाच गुण देऊन टाकले. त्या वर्षी आमच्या शाखेत कामाविषयीची आपुलकी परिपूर्ण होती, अशी कुठेतरी नोंद असेल.

गंमत सोडून देऊ, पण ही आपुलकी असते तरी काय, आणि ती येते कुठून? याचा विचार करू लागलो की माझे मन सोयगावला जाते.

सोयगाव हे माझे गाव. अजिंठ्याच्या डोंगराच्या उत्तरेकडच्या पायथ्याशी वसलेले. जिल्ह्याचे ठिकाण घाटावर, पण बाजारहाट आणि सोयरीक खानदेशात, पाचोरा-शेंदुर्णीकडे. माणसे बोलतात तीही अर्धी खानदेशी. बाहेरच्या जगाला आमचा तालुका माहीत आहे तो फर्दापूरजवळच्या अजिंठा लेण्यांमुळे, आमचे आयुष्य मात्र कापसावर चालते. १९८३ साली मी कारकून म्हणून नोकरीला लागलो आणि पहिली नेमणूक चक्क गावातच मिळाली. तेव्हा राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. हंगामात कापसाचे चुकारे निघाले की बँकेत पाय ठेवायला जागा नसे. पितळी टोकन, मोठमोठाली लेजरे, आणि संध्याकाळी रोकड जुळेपर्यंत कोणी घरी जायचे नाही, हा शिरस्ता.

एका संध्याकाळी रोकड दोनशे रुपयांनी जास्त भरली. कमी भरली तर कॅशियरच्या खिशातून जाते, म्हणून आकाशपाताळ एक होते. जास्त भरली तर नियम सोपा आहे. ती संकीर्ण खात्यात जमा करायची आणि दिवे मालवायचे. तसेच होणार होते. पण आमचे शिपाई, ज्यांना सगळी शाखा 'मामा' म्हणे, ते दारातून म्हणाले, "बनोटीचा म्हातारा होता ना, त्याला कमी गेले असतील. बाहेर लिंबाखाली बसून तीनदा नोटा मोजल्या त्याने. पायरीपर्यंत येऊन माघारी गेला. मग एस.टी. आली." व्हाउचरे काढून पाहिली. मामांचे म्हणणे खरे होते.

दुसऱ्या दिवशी मामा पहिल्या एस.टी.ने बनोटीला गेले, म्हाताऱ्याला शोधले, दोनशे रुपये हातात ठेवले आणि पावतीवर अंगठा घेऊन दुपारच्या आत कामावर हजर झाले. म्हाताऱ्याने भांडायची हिंमत का केली नाही, हेही त्यांनी विचारून आणले होते. त्याला वाटले होते, बँक चुकत नसते, आपल्यालाच मोजता येत नसेल. शाखाधिकाऱ्यांनी मामांच्या तिकिटाचे पैसे टपालखर्चात टाकले. पुढे हिशेबतपासनीसाने विचारलेच की त्या दिवशी एवढी पत्रे कुणाला पाठवली होती!

हे सांगताना 'जुने ते सोने' असा सूर लागतो आहे, तो मला खपवून घ्यायचा नाही. त्याच शाखेत 'उद्या या' हे आमचे सर्वांत आवडते वाक्य होते. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातली एकच म्हैस तीन कर्जदारांबरोबर फोटोला उभी राहिलेली मी पाहिली आहे. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले ते गोरगरिबांसाठी, पण गोरगरीब काउंटरशी आले की आमच्या कपाळाला आठी पडे. बँकांतल्या ग्राहकसेवेचा विचार करायला १९९० मध्ये गोईपोरिया समिती नेमावी लागली, ती उगाच नव्हे. आणि शाखाशाखांतून महात्माजींच्या नावाने ग्राहकाचे माहात्म्य सांगणारी जी पाटी वर्षानुवर्षे लटकत होती, ते शब्द गांधीजींच्या लेखनात सापडत नाहीत. म्हणजे आमचे पहिले मूल्यच उसने होते.

तरीही मामा बनोटीला गेले, हे खरेच आहे. त्यांना कोणी पाठवले नव्हते. त्या म्हाताऱ्याला ते ओळखत होते, आणि शाखेत आपण बोललो तर ऐकून घेतले जाते, हेही त्यांना ठाऊक होते. मला वाटते, सगळे मर्म या दोन गोष्टींत आहे.

मराठी मुलखात 'कंपनीची मूल्ये' हा शब्द नव्हता तेव्हाही ती वस्तू होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना काढला. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रखवालीवर ठेवले आणि वसाहतीत अस्पृश्यता पाळू दिली नाही. १९२० साली निघालेले 'किर्लोस्कर खबर' हे मुळात कारखान्याचेच वार्तापत्र. त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि घराघरांत वाचले गेले. आज कंपन्या जी गुळगुळीत कागदाची घरपत्रे काढतात, त्यांतले एखादे तरी शेजारी मागून नेतो का? अर्थात किर्लोस्करवाडीत मालक त्याच वसाहतीत राहत होता, हे विसरून चालणार नाही. मालकाच्या भलेपणावर उभी राहिलेली मूल्ये मालक बदलला की काय होतात, हा प्रश्न उरतोच.

सरकारनेही एकदा आपुलकीचे गणित मांडून पाहिले. १९७५ साली ग्रामीण बँका निघाल्या. कल्पना अशी की खेड्यातली, तिथली भाषा बोलणारी मुले नोकरीला घ्यायची. ती शेतकऱ्याशी समरस होतील आणि त्यांचा पगार राज्य सरकारी नोकरांइतका, म्हणजे व्यापारी बँकांपेक्षा कमी ठेवला की खर्चही आटोक्यात राहील. मराठवाड्यात १९७६ साली मराठवाडा ग्रामीण बँक आली, पुढे आमच्या बाजूला औरंगाबाद-जालना ग्रामीण बँक. माझा एक वर्गमित्र अशाच एका ग्रामीण बँकेत लागला. तेच लेजर, तीच म्हैस, तोच थकबाकीदार, आणि पगार माझ्यापेक्षा उणा. तो हसत म्हणे, "तुला पगार मिळतो, मला समरसता." शेवटी कर्मचारी न्यायाधिकरणात गेले आणि न्यायमूर्ती ओबुल रेड्डी यांनी १९९० साली निवाडा देऊन त्यांना पुरस्कर्त्या बँकांच्या बरोबरीची वेतनश्रेणी दिली. तीही १ सप्टेंबर १९८७ पासून. आपुलकी हवी म्हणून पगारातून वजावट करता येत नाही, हे सरकारला पंधरा वर्षांनी न्यायमूर्तींकडून कळले. जो माणूस महिनाअखेर उधारीवर काढतो, त्याला अभिमान वाटतो का, हे विचारणे सभ्यपणाचे नाही.

योगायोग असा की त्याच १९९० साली अमेरिकेत विल्यम कान या अभ्यासकाने एक शोधनिबंध लिहिला. आजच्या सगळ्या पाहण्यांची गंगोत्री तिथे आहे. त्याने उन्हाळी शिबिरातले मार्गदर्शक आणि एका वास्तुरचना कंपनीतले लोक यांचे निरीक्षण केले होते. माणूस आपले मन कामात ओततो केव्हा? त्या कामाला काही अर्थ आहे असे वाटते तेव्हा, मोकळेपणी वागले तर अंगाशी येणार नाही अशी खात्री असते तेव्हा, आणि अंगात तेवढे त्राण उरलेले असते तेव्हा. मामांना हा निबंध वाचायची गरज पडली नसती. पुढे व्यवस्थापनवाल्यांनी त्यातून गुणांची फूटपट्टी तयार केली आणि मधली अट, भीती नसण्याची, सोयीस्करपणे गाळली.

ती भीती काय करते, हे सांगायला मला स्वतःचीच गोष्ट सांगितली पाहिजे.

२०१५ साली मी दुसऱ्या एका जिल्ह्यात शाखाधिकारी होतो. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली होती. योजना चांगली होती, आजही मी तसेच म्हणेन. ज्या बायकांनी आयुष्यात बँकेचा उंबरा ओलांडला नव्हता त्या ओळीने उभ्या राहिल्या. पण खाती उघडली तरी बहुतेकांत पैसे नव्हते, कारण त्यांच्याकडे ते नव्हतेच. मग रोज सकाळी मोबाईलवर यादी येऊ लागली. कोणत्या शाखेत शून्य शिलकीची किती टक्के खाती, तळाच्या पाच शाखा लाल रंगात. आमची शाखा लाल होती. संध्याकाळच्या बैठकीत वरिष्ठांनी सगळ्यांसमोर विचारले, "तुम्हाला लोकांकडून एक रुपया आणता येत नाही?" त्या रात्री शाखेतल्या आम्ही तिघांनी स्वतःच्या खिशातून पैसे काढले आणि सहाशे चाळीस खात्यांत एकेक रुपया भरला. सकाळी आम्ही लाल यादीतून बाहेर होतो. अभिनंदनाचा संदेश आला.

पंधरा दिवसांनी एक बाई पासबुक घेऊन आली. "हा रुपया कुणी टाकला? सरकारने?" मी म्हणालो, हो. तिने पुढे विचारले, "मग बाकीचे कधी येणार?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. सदतीस वर्षांत मी बरीच वेडीवाकडी उत्तरे दिली असतील, पण ते 'हो' अजून घशात अडकून आहे.

हे करणारे आम्हीच नव्हतो. सप्टेंबर २०१६ मध्ये एका इंग्रजी दैनिकाने या रुपयाची हकीकत देशभरातल्या शाखांतून शोधून छापली. अशा खात्यांची संख्या कोटीच्या घरात निघाली. नेमक्या त्याच महिन्यात अमेरिकेत वेल्स फार्गो या बड्या बँकेला साडेअठरा कोटी डॉलर दंड झाला. प्रत्येक ग्राहकाला आठ-आठ योजना विकण्याचा तिथे तगादा होता. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली होती आणि पाच वर्षांत सुमारे पाच हजार तीनशे जणांना त्यापायी काढून टाकले गेले. आमच्याकडे रिकामे खाते भरलेले दिसावे म्हणून धडपड, त्यांच्याकडे नसलेले खाते असलेले दिसावे म्हणून. त्या बँकेनेही आपली दृष्टी आणि मूल्ये सांगणारी देखणी पुस्तिका काढलेली होती. मला त्या पाच हजार तीनशेंतल्या बहुतेकांविषयी राग येत नाही. मी त्यांच्या जागी बसलेलो आहे.

मी तेव्हा वरिष्ठांना का सांगितले नाही, की साहेब, ही खाती रिकामी आहेत कारण माणसे रिकामी आहेत? निवृत्तीला पाच वर्षे उरली होती, मुलीचे लग्न व्हायचे होते, बदली कुठे होईल याचा नेम नव्हता. वरिष्ठही वाईट नव्हते. त्यांचाही रंग वरच्या कुठल्याशा यादीत लाल होता. १९८४ साली शिपायाचे ऐकून शाखाधिकाऱ्याने संध्याकाळी व्हाउचरे काढायला लावली होती. २०१५ साली तीस वर्षांच्या अनुभवाच्या शाखाधिकाऱ्याचे ऐकून घ्यायला कोणी नव्हते. मधल्या काळात संगणक आले, २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्तीत देशभरातून लाखावर माणसे बाहेर पडली, कामाचा वेग शतपटीने वाढला. हे सगळे व्हायला हवेच होते, संगणकाला विरोध करणाऱ्यांत मी होतो त्याची आता लाज वाटते. पण वरून खाली येणारा निरोप क्षणात पोहोचू लागला आणि खालून वर जाणारा मात्र वाटेतच बसला.

मागच्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी सोयगावच्या एका बँकेत गेलो होतो. कापसाची वेचणी चालू होती. काउंटरवर पूर्वेकडच्या कुठल्याशा राज्यातून आलेली पंचविशीची मुलगी, आणि समोर वेचणीवरून आलेली एक म्हातारी. यंत्र तिचा अंगठा घेईना. आयुष्यभर बोंडे वेचून बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या होत्या. मुलीने आपला रुमाल ओला करून तिची बोटे पुसली आणि एकेक करून टेकवायला सुरुवात केली. उजवा हात झाला, नाही जमले. मागे रांगेत चुळबूळ. मुलीचा मोबाईल टेबलावर थरथरत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता. असा फोन कुणाचा असतो, हे मला न बघता कळते.

"बाई, तुझा फोन वाजतोय," म्हातारी म्हणाली.

"वाजू दे, आजी. हा हात द्या," मुलगी तोडक्या मराठीत म्हणाली, आणि डाव्या हाताची करंगळी यंत्रावर ठेवून आपल्या दोन बोटांनी हलकेच दाबून धरली.