दोन टक्के कशाचे?

साथीच्या दिवसांत रोज संध्याकाळी आकडे येतात. एकूण रुग्ण इतके, मृत्यू इतके, मृत्युदर दोन टक्के. ऐकणारा मनातल्या मनात हिशेब मांडतो: शंभरातले दोन, म्हणजे आपण बहुधा अठ्ठ्याण्णवांत. साथ ऐन भरात असताना हा हिशेब हमखास फसतो.

समजा, रुग्णसंख्या दर आठवड्याला दुप्पट होते आहे आणि जे दगावतात ते निदानानंतर साधारण दोन आठवड्यांनी दगावतात. आज एकूण रुग्ण १,००० आणि मृत्यू २०. भागाकार केला, दोन टक्के. पण हे वीस जण दोन आठवड्यांपूर्वीच्या रुग्णांमधले, आणि तेव्हा एकूण रुग्ण होते २५०. म्हणजे खरा दर आठ टक्के! बाकीच्या ७५० जणांचं काय होणार ते अजून ठरायचं आहे, तरी छेदात ते आजच धरले गेलेत.

२००३ मध्ये सार्सच्या साथीत हेच घडलं. सुरुवातीला मृत्युदर चार टक्क्यांच्या आसपास सांगितला जात होता. ७ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तो १४ ते १५ टक्के असल्याचं जाहीर केलं. विषाणू काही अचानक उग्र झाला नव्हता. खाटेवरच्या रुग्णांचा हिशेब नीट मांडला गेला होता. साथ ओसरली तेव्हा जगभरात ८,०९६ रुग्ण आणि ७७४ मृत्यू नोंदले गेले होते, म्हणजे साडेनऊ टक्के. एकट्या हाँगकाँगमध्ये १,७५५ पैकी २९९, म्हणजे सतरा टक्के. मला त्या मेच्या निवेदनातली वयोगटांची फोड सर्वांत मोलाची वाटते: चोविशीपर्यंतच्या रुग्णांत एक टक्क्याहून कमी, पासष्टीपुढे पन्नास टक्क्यांहून जास्त. पंधरा टक्के ही सरासरी घरातल्या नातवालाही लागू नाही आणि आजीलाही नाही. वयोगट न सांगता नुसता दर छापणं म्हणजे वाचकाला अर्धीच माहिती देणं.

छेद उलट बाजूनेही दगा देतो. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि तपासणीसाठी नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या. पुढे केंद्राने रुग्णांचे अ, ब, क असे गट केले. सौम्य लक्षणांच्या अ आणि ब गटांची चाचणी करायची नाही, क गटातल्या गंभीर रुग्णांचीच करायची. प्रयोगशाळांवरचा ताण पाहता ते रास्तच होतं. मात्र त्यामुळे छेदात मुख्यतः गंभीर रुग्णच उरले. ताप अंगावर काढून बरे झालेले कुठेच मोजले गेले नाहीत, आणि मृत्युदर होता त्याहून भयंकर दिसू लागला.

अंशावर तरी डोळे मिटून विश्वास ठेवावा का? १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने आधी नोंदवायचे राहिलेले १,३२८ कोविड मृत्यू एकदम यादीत घेतले. त्यातले ८६२ मुंबईतले होते. त्या दिवशी आलेखाने घेतलेली उडी कागदावरची होती. ती माणसं आधीच गेली होती.

म्हणून साथीनंतर अभ्यासक वेगळ्या वाटेने जातात. कारण बाजूला ठेवायचं, एकूण मृत्यू मोजायचे आणि एरवीच्या वर्षांशी ताडून पाहायचे. यात चाचणी झाली की नाही, दाखल्यावर काय लिहिलं, हे प्रश्नच उरत नाहीत. भारताच्या नागरी नोंदणीत २०२० साली सुमारे ८१ लाख मृत्यू होते, २०२१ साली सुमारे १ कोटी २ लाख. यातली काही वाढ नोंदणी सुधारल्याने आणि लोकसंख्या वाढल्याने झाली, हे धरायलाच हवं. पण वाढ आहे एकवीस लाखांच्या घरात, आणि २०२१ मधले अधिकृत कोविड मृत्यू साडेतीन लाखांच्या आत.