ऊसतोडीला निघताना बिऱ्हाड कसं बांधायचं? गाडीत काय घ्यावं, घरी काय ठेवावं

शनिशिंगणापूर (ता. नेवासा) : शनिशिंगणापुरातल्या घरांना चौकट असते, पण दार-कुलूप लावायची रीत नाही. चोरी करणाऱ्याला शनिदेव सोडत नाही, ही गावाची श्रद्धा. २०११ मध्ये युको बँकेने इथे शाखा उघडली, तेव्हा तिच्या दारालाही कुलूप नाही म्हणून देशभर चर्चा झाली होती.

हंगाम सुरू झाला की याच भागात आणखी एक बिनदाराची वस्ती उभी राहते. सोनईचा मुळा आणि भेंड्याचा ज्ञानेश्वर हे दोन्ही सहकारी साखर कारखाने नेवासा तालुक्यातलेच. त्यांच्या उसासाठी येणाऱ्या मजुरांच्या कोप्या कारखान्याच्या तळावर, नाहीतर गावाकडेला पडतात. बांबू, पाचट आणि ताडपत्री एवढंच घर. कुलूप लावायचं म्हटलं तरी लावणार कशाला?

पाथर्डी, शेवगाव आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. पाच-सहा महिन्यांचा संसार एका बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वाट्याला आलेल्या जागेत बसवायचा असतो. भांडं विसरलं तर आठवडे बाजारात मिळतं. कागद विसरला तर मात्र पोराची शाळा, महिन्याचं धान्य किंवा दवाखान्याची सवलत हातची जाते. म्हणून बांधाबांधीची सुरुवात भांड्यांपासून नको, कागदांपासून करावी.

आधी कागदांची पिशवी

घरातल्या प्रत्येकाचं आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, आयुष्मान कार्ड, लहान मुलांचं लसीकरणाचं कार्ड आणि गरोदर बाईचं माता-बाल संरक्षण कार्ड हे सगळं एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालावं. पिशवी लोखंडी पेटीत तळाशी ठेवावी. कोपी गळते, चुलीची ठिणगी उडते, उंदीर कागद कुरतडतात. पेटीत कागद त्यातल्या त्यात सुरक्षित राहतात. झेरॉक्सचा एक संच गावी म्हाताऱ्या माणसांजवळ द्यावा आणि सगळ्या कागदांचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवावेत.

ऊसतोड कामगार म्हणून ग्रामपंचायतीत नोंद होऊन ओळखपत्र मिळतं. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजनांसाठी ही नोंद लागते. ती झाली नसेल तर गाडी जुंपायच्या आधी ग्रामसेवकाला गाठावं. टोळी निघाल्यावर त्या कामासाठी परत यायला दिवस मोडतो, आणि दिवस मोडला की खाडा पडतो.

उचलीची वही वेगळी

मुकादमाकडून घेतलेली उचल किती, कोणत्या तारखेला, रोख की खात्यावर, हे एका वहीत लिहून ठेवावं. कशावर सही-अंगठा केला असेल तर त्याची प्रत मागून घ्यावी. हंगामात प्रत्येक खेपेच्या वजनाची पावती त्याच वहीत टाचावी. शेवटी पट्टी निघते तेव्हा तोंडी हिशोब टिकत नाही. उचल फिटली की अंगावर राहिली, हे या कागदांवरून ठरतं. वही पेटीत न कोंबता रोज हाताला लागेल अशा जागी ठेवावी.

रेशन कार्ड गावी ठेवायचं की न्यायचं?

पूर्वी गाव सोडलं की रेशन बुडायचं. आता ‘एक देश एक रेशन कार्ड’ व्यवस्थेत कोणत्याही गावच्या रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं. त्यासाठी कार्डात नाव आणि आधार जोडलेलं हवं, ई-केवायसीही झालेली हवी. घरी आजी-आजोबा राहणार असतील तर त्यांनी गावी थोडं धान्य उचलावं आणि उरलेलं टोळीतल्या माणसांनी कारखान्याजवळ घ्यावं, असंही चालतं. दुकानातल्या मशीनला कार्डाचा किंवा आधारचा नंबर पुरतो. म्हणून मूळ कार्ड गावी आणि नंबर सोबत, अशी वाटणी करता येते. अडचण आली तर १४४४५ या क्रमांकावर विचारता येतं.

पोरांचं दप्तर

दहा-बारा वर्षांचं पोर सोबत नेलं की ते धाकट्याला सांभाळण्यात आणि वाढे बांधण्यात अडकतं, शाळा सुटते. त्यामुळे निघण्याआधी शाळेत जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात. एक, गावात हंगामी वसतिगृह सुरू होणार आहे का? त्यात मूल नातेवाइकांकडे राहतं आणि जेवणाची सोय होते. दुसरं, तालुक्यात संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह आहे का? ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्यातल्या ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर झालेली आहेत.

मूल सोबत न्यायचंच असेल तर गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्यावं. ते दाखवून कारखान्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसता येतं. दाखला हातात नाही म्हणून प्रवेश अडवून धरता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. पुस्तकं आणि वह्या पोत्यात न भरता दप्तरातच ठेवाव्यात आणि दप्तर पोराच्या पाठीवर द्यावं.

गरोदर बाई आणि तान्हं मूल

गावच्या अंगणवाडी सेविकेला आणि आशाताईंना कुठल्या कारखान्यावर चाललो, किती महिने, हे सांगून निघावं. स्थलांतरित गरोदर माता आणि बालकांची नोंद ठेवणारी प्रणाली महिला व बालविकास विभागाने सुरू केली आहे. नोंद झाली तर पोहोचलेल्या गावच्या अंगणवाडीत आहार मिळायला सोपं जातं. लसीचा डोस कोणत्याही सरकारी उपकेंद्रात मोफत मिळतो. मागचा डोस कधी झाला ते मात्र कार्डावरूनच कळतं. बीपी, साखर, फिट्स अशा आजारांच्या गोळ्या निदान महिनाभराच्या घ्याव्यात आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवावी.

संसार : थोडका, पण पुरता

जाणत्या बायकांची यादी साधारण ठरलेली असते.

- दळण पंधरा दिवसांपुरतं, बाकी बाजरी-ज्वारी पोत्यात. पीठ जास्त नेलं तर जाळ्या धरतं.
- तिखट, मीठ, तेल, डाळ घट्ट झाकणाच्या डब्यांत.
- तवा, परात, दोन पातेली, हंडा-कळशी आणि पाण्यासाठी झाकणाचा ड्रम.
- गोधड्या चारच्या जागी सहा. पौष महिन्यात कोपीत थंडी भुईतून वर येते.
- ताडपत्री, बांबू, कामट्या, दोरखंड, पहार, कुदळ.
- कोयते आणि धार लावायला कानस. कोयत्याच्या पात्याला गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधावं. उघडा कोयता सामानात खुपसू नये.
- चार्जिंगचा दिवा, बॅटरी, मोबाईलचा चार्जर. पहाटे अंधारात फडात जाताना सापकिरडूची भीती असते, बॅटरी हातातच हवी.

दागिना सोबत नेऊ नये आणि कुलूपबंद घरातही ठेवू नये. दिवसभर माणसं फडात असतात आणि कोपी उघडी असते. शिंगणापुरात उंबऱ्याला श्रद्धेची राखण आहे. कोपीला शेजारच्या कोपीतल्या म्हातारीचीच काय ती राखण.

गाडी कशी भरायची

जे पोहोचल्यावर आधी लागतं ते शेवटी भरायचं. कोपीचं सामान, पाण्याचा हंडा, एका वेळची भाकरी आणि गोधड्या वर राहाव्यात. संध्याकाळी उशिरा पोहोचलं तर पोत्यांखालून ताडपत्री ओढत बसावं लागत नाही.

बैलगाडीत धान्याची पोती आणि पेटी आखाच्या वर, मधोमध ठेवावी. वजन मागे गेलं तर गाडी उलार होते आणि पुढे गेलं तर जू बैलांच्या मानेवर बसतं. बैलांच्या कानातला बिल्ला आणि लसीकरण निघायच्या आधी तपासून घ्यावं.

ट्रॉली असेल तर सामानाच्या ढिगावर पोरांना बसवू नये. रस्ता रात्रीचा असतो आणि मागून येणाऱ्या गाडीला ट्रॉली दिसत नाही. मागच्या बाजूला लाल रेडियम लावलं आहे ना, हे बिऱ्हाड चढवण्याआधी बघावं. नसेल तर लावल्याशिवाय निघू नये. काही झालंच तर १०८ ला फोन करावा.

मागे राहणारं घर

उरलेलं धान्य कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरावं. मेन स्विच बंद करावा, गॅसचा रेग्युलेटर काढावा, रांजण पालथा घालावा. म्हातारी माणसं मागे राहत असतील तर त्यांच्या औषधांची आणि वीजबिलाची जबाबदारी भावकीतल्या एकावर नाव घेऊन सोपवावी. सगळ्यांनी बघायचं ठरलं की कुणीच बघत नाही. किल्ली शेजारी द्यावी आणि त्यांच्याकडे मुकादमाचा व टोळीतल्या आणखी एकाचा मोबाईल नंबर लिहून ठेवावा.

गाडी हलण्याआधी एकदा पेटी उघडून कागदांची पिशवी हाताने चाचपून बघावी. बाकी काही राहिलं तर सोनईच्या बाजारात मिळेल.