पहिल्या सीडरनं कधी झोपावं?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की टॉरंटमध्ये "सगळेच एकमेकांकडून घेतात" हे ठीक, पण सुरुवातीला फाइल एकाच माणसाकडे असते त्याचं काय? तो पहिला माणूस म्हणजे इनिशियल सीडर. आज त्याच्याबद्दल बोलू. आणि हो, टॉरंट म्हणजे चोरी नव्हे. लिनक्सच्या आयएसओ फाइली टॉरंटवर मिळतात, इंटरनेट आर्काइव्ह २०१२पासून आपल्या संग्रहाची टॉरंट देतं. चोरीचे सिनेमे वाटणं हा गुन्हा, तंत्र हा नाही.

दिवाळीला मी लोणारला घरी होतो. बाबांनी हँडीकॅमवर काढलेल्या जुन्या कॅसेट आम्ही डिजिटल करून आणल्या होत्या. कमळजादेवीची नवरात्रातली यात्रा, सरोवराचं तेव्हाचं पाणी, दोन लग्नं, आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्या. सगळ्या मिळून २४ जीबी, एका जुन्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर. कॅसेटना बुरशी लागलेली, त्या पुन्हा चालतील याची खात्री नव्हती. घेणारे सहा जण: पुण्याचा दादा, नाशिकची ताई, संभाजीनगरची आत्या आणि आणखी तिघं.

आमच्या घरचा अपलोड स्पीड साधारण २ एमबीपीएस. २४ जीबी एकदा वर चढवायला जवळजवळ २७ तास. सहा जणांना वेगवेगळं पाठवायचं तर १६० तास, म्हणजे आठवडा गेला. "ड्राइव्हवर टाक ना" असं म्हणाल, पण फुकटची जागा १५ जीबी. म्हणून टॉरंट.

टॉरंट बनवताना क्लायंटनं २४ जीबीचे ४ एमबीचे ६,१४४ तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्याचा एक हॅश, २० बाइटचा. हॅश म्हणजे त्या तुकड्याच्या अंगठ्याचा ठसाच समजा. एक बिट जरी बदलला तरी ठसा जुळत नाही. हे सगळे ठसे मिळून १२० केबीच्या आसपासची .टॉरंट फाइल झाली. ती व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकली आणि रात्री अकराला सीडिंग सुरू केलं.

इथे एक अडचण जाता जाता सांगतो. मोबाइल डेटावर बहुतेक वेळा तुमचा फोन कंपनीच्या मोठ्या नॅटच्या मागे असतो, बाहेरून कुणी थेट येऊन जोडू शकत नाही. दोघेही असे मागे असले तर गाठ पडणं कठीण. दादाच्या राऊटरवर पोर्ट उघडता आलं, म्हणून बाकीचे त्याच्याकडे जाऊन जोडले गेले. लोणारला रेल्वे नाही, तर जालन्यावरून जावं लागतं ना, तसंच.

सकाळी सहाला बघतो तर मी सहा जीबीच्या वर अपलोड केलेलं, पण सगळ्यांकडचे वेगवेगळे तुकडे मोजले तर फक्त ४.२ जीबी. बाकीचं कुठे गेलं? तेच तुकडे मी दोघातिघांना परत परत दिले होते. पीअर आपल्या परीनं "सगळ्यात दुर्मिळ तुकडा आधी" मागतात, पण सुरुवातीला सगळेच तुकडे दुर्मिळ असतात आणि एकानं काय मागितलंय ते दुसऱ्याला कळायला वेळ लागतो.

मग मी सुपर-सीडिंग चालू केलं. ही युक्ती जॉन हॉफमनची, बिटटॉरंटच्या बीईपी १६ या दस्तऐवजात लिहिलेली. यात सीडर चक्क खोटं बोलतो. "माझ्याकडे काहीच नाही" असं सगळ्यांना सांगतो. मग ताईला हळूच म्हणतो, "तुकडा क्रमांक ९०० आलाय माझ्याकडे." दादाला वेगळाच सांगतो. आणि ताईला दिलेला तुकडा दुसऱ्या कुणाकडे पोचलेला दिसेपर्यंत तिला नवीन तुकडा देत नाही. घ्या आणि पुढे वाटा, मग पुढचा मिळेल! त्या दस्तऐवजानुसार साध्या पद्धतीत पहिली पूर्ण प्रत बाहेर पडेपर्यंत दीडपट ते दुप्पट अपलोड करावं लागतं, सुपर-सीडिंगमध्ये १०५ टक्क्यांच्या आसपास.

म्हणून क्लायंटमध्ये बघायचा आकडा म्हणजे "अ‍ॅव्हेलेबिलिटी". तुमचा अपलोड किती झाला याला अर्थ नाही. तुम्हाला सोडून बाकीच्यांकडे मिळून किती प्रती आहेत, ते बघा. तो आकडा १ झाला की पहिला सीडर झोपायला मोकळा, मग एकाकडेही पूर्ण फाइल नसली तरी चालेल.

आमचा आकडा ०.९६ला पोचला आणि सोमवारी पहाटे चारच्या सुमारास लाइट गेली.

लाइट आल्यावर हार्ड डिस्क कटकट आवाज करायला लागली. आता तुम्ही म्हणाल, आधी लॅपटॉपवर कॉपी का नाही केली? लॅपटॉपमध्ये जागा १८ जीबीच शिल्लक होती आणि मला आवराआवरीचा कंटाळा आला. चूक माझीच.

दुपारी डिस्क एकदा उघडली. फोर्स रिचेक मुद्दाम टाळलं, कारण त्यात क्लायंट टॉरंटचा सगळा डेटा वाचून काढतो आणि तिच्यात तेवढा जीव नव्हता. ४० मिनिटं चालली. उरलेल्या २४० तुकड्यांपैकी साधारण १५० गेले आणि ती कायमची गप्प झाली. थोड्याच वेळात सहाही जण एकाच आकड्यावर अडकले: ९८.५ टक्के.

दीड टक्का किरकोळ वाटतो ना? पण तुकडे फाइलींच्या क्रमानं जात नाहीत, कुठलेही जातात. त्यामुळे एखादी फाइल पूर्ण गायब होण्याऐवजी जवळजवळ प्रत्येक फाइलला भोकं पडली. यात्रेच्या व्हिडिओत मधेच चित्र फाटतं. एका लग्नाची फाइल उघडतच नाही, कारण तिची अनुक्रमणिकाच हरवलेल्या तुकड्यात होती. आजीच्या ओव्यांत दोन ठिकाणी आवाज तुटतो. सुरुवातीलाच सगळ्यांना ओव्यांच्या फाइलची प्रायोरिटी वाढवायला सांगितली असती, तर ती पूर्ण उतरली असती. सुपर-सीडिंगमध्ये कुठला तुकडा आधी द्यायचा ते सीडर स्वतः ठरवतो. त्या घाईत ही प्रायोरिटी फारशी चालत नाही. म्हणजे ती एक फाइल मी आधी साध्या पद्धतीनं सोडायला हवी होती.

बाबा म्हणाले, कॅसेट पुन्हा चालवून बघू. चालली तर ओव्या परत मिळतीलही, पण त्यानं ही भोकं बुजणार नाहीत. दुसऱ्यांदा रेकॉर्ड केलेली फाइल बिट-बिट तशीच येत नाही, ठसे जुळणार नाहीत.

डिस्क सध्या पुण्यात डेटा काढून देणाऱ्याकडे आहे. त्याला सांगितलंय, सगळं नको, ९० तुकडे हवेत, ३६० एमबी. डिस्कच्या कुठल्या फाइलीत कुठून कुठपर्यंत, त्याची यादी दिलीय. आणि ग्रुपवर पिन करून ठेवलंय: जागा कमी पडली तरी अर्धवट फोल्डर कुणी डिलीट करायचं नाही. नाशिकच्या ताईनं काल विचारलंच होतं.