घर बांधताना कर्बाचाही हिशेब हवा!
चिरा गावचा, सिमेंट घाटावरचे. बांधकामातील प्रदूषण कमी करण्याचे पर्याय हाताशी

मालवण : प्रतिनिधी

मालवण किनाऱ्यावर आज जे घर उभे राहते, त्यातील चिरा तेवढा जवळचा असतो. सिमेंट आणि सळई घाट उतरून येते, वाळू खाडीतून निघते. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाल्यानंतर निवास-न्याहारीच्या खोल्या, हॉटेले, रस्ते यांची बांधकामे वाढत गेली. घरात वापरलेल्या विजेचा हिशेब बिलावर दिसतो. मात्र ते घर बांधताना किती कर्बवायू हवेत गेला, याची नोंद सहसा कोठेही होत नाही.

खरा वाटा सिमेंटचा

जगातील एकूण कर्बवायूपैकी सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटमुळे बाहेर पडतो. यातील निम्म्याहून अधिक भाग इंधनाचा नसून चुनखडकाचा असतो. सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानाला हा खडक भाजला, की त्यात बांधलेला कर्बवायू सुटतो आणि क्लिंकर तयार होते. त्यामुळे भट्टीचे इंधन बदलले, तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही. क्लिंकरच कमी वापरावे लागते.

साध्या सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यामागे साधारण ४० किलो कर्बवायू धरला जातो. उदाहरणादाखल ४०० पोत्यांचे घर घेतले, तर हा आकडा १६ टनांवर जातो. औष्णिक वीजकेंद्रातील राख ३० टक्क्यांच्या आसपास मिसळलेले पोझोलाना सिमेंट वापरले, तर तो ११ टनांच्या जवळ येतो. पोलाद भट्टीतील मळीचे सिमेंट हाही असाच पर्याय आहे.

चुनखडक आणि भाजलेली माती यांचे ‘एलसी-३’ सिमेंट त्यापुढचे पाऊल ठरले. त्यात क्लिंकर निम्म्यावर येते व मातीला सुमारे ८०० अंशांची उष्णता पुरते. भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये त्याचे मानक प्रसिद्ध केले. त्यासाठी लागणाऱ्या जातीची चिनी माती सिंधुदुर्गातही आढळते. मात्र त्यासाठी डोंगर किती पोखरायचे, हा प्रश्न उरतोच.

खाऱ्या वाऱ्याची कसोटी

किनाऱ्यावर आणखी एक मुद्दा महत्त्वाचा ठरतो. खारी हवा काँक्रीटमध्ये शिरून सळई गंजवते, स्लॅब फुटतो आणि तेच बांधकाम पुन्हा करावे लागते. म्हणजे कर्बही दुप्पट! राख किंवा मळी मिसळलेले काँक्रीट क्षारांना अधिक रोखते. अट एकच : त्यावर किमान दहा दिवस पाणी मारले पाहिजे. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठत असताना नेमकी येथेच कुचराई होते.

सळईबाबतही निकष आले आहेत. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली. एक टन तयार पोलादामागे २.२ टनांपेक्षा कमी कर्बवायू निघत असेल, तरच ते ‘हरित’ ठरते.

ट्रकचा माग, कर्बाचा हिशेब

वाहतुकीत कोकण रेल्वेचा अनुभव बोलका आहे. मालाने भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून नेणारी रो-रो सेवा १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा या मार्गावर सुरू झाली. २०२२ मध्ये या रेल्वेचे विद्युतीकरण पूर्ण झाले. कणकवली, कुडाळ स्थानकांवर सिमेंट व सळई उतरविण्याची सोय वाढली, तर घाटात जळणारे डिझेल वाचू शकते.

गौण खनिजांच्या वाहतुकीसाठी राज्यात ‘महाखनिज’ ही संगणक प्रणाली आहे. वाळू-चिऱ्याच्या गाडीचा ऑनलाइन परवाना आणि जीपीएसद्वारे तिचा माग, असे तिचे स्वरूप. महसूल बुडू नये, हा तिचा हेतू. परंतु माल कोठून निघाला, किती वजनाचा होता व किती अंतर गेला, हीच माहिती कर्बाच्या हिशेबालाही लागते. सिमेंट व सळईची बिले तिला जोडली, तर एखाद्या शाळेच्या किंवा पुलाच्या निविदेत किमतीसोबत कर्बाचा आकडाही मागता येईल.

जुन्यातील शहाणपण

चिरा भट्टीत भाजावा लागत नाही. खाणीतून कापल्यावर तो हवेत कठीण होतो. विटेच्या तुलनेत हा त्याचा मोठा गुण. माती किंवा चुन्यात बांधलेली जुनी भिंत उतरविली, तर चिरे बहुधा शाबूत निघतात आणि नव्या घराला लागतात. सिमेंटमध्ये जखडलेला चिरा मात्र फोडावा लागतो. जुने घर पाडताना जेसीबी लावण्याआधी चिरे उतरवून घेणे आणि दुकानात साध्या सिमेंटऐवजी मिश्र सिमेंट मागणे, या दोन गोष्टींसाठी कोणत्याही सरकारी योजनेची वाट पाहावी लागत नाही.