जुन्या मयालीतली गिटार

आपल्या सिहोरा भागात गावोगावी जुनी मातीची घरे उतरवून त्या जागी घरकुले उभी राहत आहेत. पक्के घर झाले याचा आनंदच आहे. पण उतरवलेल्या घरातून निघालेल्या मयाली, दाराच्या चौकटी, माळ्याच्या फळ्या यांचे पुढे काय होते ते जरा पाहा. बाहेरचा व्यापारी येतो आणि मोडीच्या भावाने उचलून नेतो. उरलेले चुलीत जाते. आजोबांच्या वेळचे सागवान, चाळीस-पन्नास वर्षे कौलाखाली वाळलेले! असे लाकूड आज पैसे टाकूनही सहज मिळत नाही.

या लाकडाचा एक उपयोग सुचवतो. तुमचा कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी गिटार मागत असेल, तर ती याच लाकडातून घरी तयार करा, आणि तीही विजेवर वाजणारी. धानावरचा करपा आणि तुडतुडा सांगणारा माणूस आज हे काय सांगतो आहे, असे वाटेल. पण लाकूड वाळवणे आणि धान वाळवणे यात तत्त्वाचा फरक नाही, म्हणून बोलतो.

पोकळ गिटार घरी करणे अवघड असते. तिच्या पातळ फळ्या वाकवून पेटी बनवावी लागते आणि आवाज त्या पेटीतून येतो. विजेच्या गिटारीला पेटी लागत नाही. भरीव पाट, त्याला जोडलेली दांडी आणि सहा पोलादी तारा एवढ्यावर काम भागते. अमेरिकेतील वादक लेस पॉल यांनी 1940 च्या सुमारास पाइनच्या चार इंची चौकोनी ओंडक्यावर तारा चढवून हे दाखवून दिले. त्या वाद्याला लोक ‘लॉग’, म्हणजे ओंडका, म्हणू लागले. लोकांना ते गिटारीसारखे दिसेना, म्हणून दोन्ही बाजूंना जुन्या गिटारीचे पंख नुसते शोभेसाठी लावावे लागले.

जुन्या घराच्या लाकडातून गिटार होते याचा जगप्रसिद्ध दाखला इंग्लंडमधला आहे. 1963 साली सोळा वर्षांच्या ब्रायन मे या मुलाला गिटार हवी होती. घरी तेवढा पैसा नव्हता. वडील हॅरॉल्ड मे इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार होते. बाप-लेकांनी घरातल्या लहानशा खोलीत जवळजवळ दोन वर्षे खपून गिटार बनवली. दांडी एका जुन्या घरातून निघालेल्या शेकोटीच्या महोगनी चौकटीची होती. तिला कीड लागलेली होती, ती भोके त्यांनी काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. जुन्या टेबलाचे ओक लाकूड, मोटारसायकलच्या स्प्रिंगा, आईच्या स्वेटर विणायच्या सुईचे टोक, आईच्याच शिंपल्याच्या गुंड्या, असा सगळा घरचा माल. पुढे हा मुलगा ‘क्वीन’ या वाद्यवृंदात गेला आणि जन्मभर तीच गिटार वाजवत राहिला. 2002 साली त्याने ती राणीच्या राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून वाजवली. (या वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, हे अनेकांना ठाऊक नसते.)

आता लाकडाकडे वळू. धानात 14 टक्क्यांहून जास्त ओल राहिली तर कोठीत बुरशी धरते, हे तुम्ही जाणता. गिटारीचे लाकूड त्याहूनही कोरडे हवे, 12 टक्क्यांच्या आत. ओल्या लाकडाची दांडी केली तर पहिल्याच उन्हाळ्यात ती पिळवटते आणि वाद्य कायमचे बेसूर होते. नवे चिरलेले लाकूड सावलीत, खाली काड्या देऊन, हवा खेळेल असे रचावे. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष, असा जुना हिशेब आहे. जुन्या मयालीचे हे काम काळाने आधीच करून ठेवलेले असते. मात्र रंधा मारण्यापूर्वी तिच्यातला खिळा न् खिळा शोधून काढा, नाहीतर रंध्याचे पाते गेलेच म्हणून समजा. वाळवी लागलेला भाग सरळ कापून टाका. आणि यासाठी धुऱ्यावरचा साग तोडायला जाऊ नका. स्वतःच्या शेतातला असला तरी परवानगीशिवाय तो तोडता येत नाही.

दांडीला सरळ रेषेचा, बिनगाठीचा साग घ्या. पाटाला शिवण मिळाली तर उत्तम. ती वजनाने हलकी, कमी हलणारी आणि पटाशीला मऊ असते. सगळाच पाट सागाचा केला तर वाद्य खांद्याला जड होते. पडदे बसवायच्या पट्टीला शिसम किंवा बीजा चालेल. सागात तेल असते, त्यामुळे सरस नीट धरत नाही. जोडाच्या जागा थिनरने पुसून लगेच चिकटवा. ही चिकटवाचिकटव उन्हाळ्यात उरका. आषाढात दारे फुगून अडकतात, तेव्हा जोडकाम काढू नये.

पाटाची जाडी 45 मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. सहा तारांचा एकत्र ताण सुमारे 45 किलो पडतो, म्हणजे धानाच्या 40 किलोच्या कट्ट्याहून जास्त. हा भार दांडीवर रात्रंदिवस असतो. म्हणून दांडीच्या पोटात खाच पाडून कमी-जास्त कसता येणारी पोलादी सळई, ट्रस रॉड, बसवतात. ती आणि पडद्याची तार नागपूरहून आणावी किंवा मागवावी. घरच्या तारेचा जुगाड इथे नको.

हे काम मुलाने एकट्याने करू नये. गावातल्या वाढईबुवांना सोबत घ्या. लाकडी नांगर गेला, बंडी गेली, दाराच्या चौकटीही लोखंडी आल्या. वाकस आणि पटाशी चालवणारा हात अनेक गावांत आता एकच उरला आहे, आणि तोही साठीच्या पुढचा. असा हात नव्या कामाला लागतो याचा दाखला मिरजेत आहे. तिथले शिकलगार मूळचे शस्त्रांना धार लावणारे. हत्यारांचा धंदा बसला, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या घराण्याने सतार-तंबोरे दुरुस्त करता करता बनवायलाच घेतले. त्यांना लागणारे मोठे कडू भोपळे पंढरपूरकडचे शेतकरी पिकवतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीचे शब्दही इथे तसेच उपयोगी पडतात: दांडी, घोडी, खुंटी, पडदे.

पडद्यांच्या जागा मात्र नजरेने ठरवायच्या नाहीत. वरच्या पट्टीपासून घोडीपर्यंत तारेची लांबी 648 मिलिमीटर धरा. तिला 17.817 ने भागा. उत्तर येते 36.4, तिथे पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागा. दुसरा पडदा वरून 70.7 वर येतो, तिसरा 103.1 वर. असे करत बारावा पडदा बरोबर मध्यावर, 324 वर आला पाहिजे. नाही आला तर हिशेब चुकला. प्रत्येक खूण वरच्या पट्टीपासूनच मोजा. मागच्या पडद्यापासून मोजत गेलात तर केसाएवढी चूक शेवटी मिलिमीटरभर होते. दहावी-अकरावीच्या मुलांना गणिताचा उपयोग दाखवायचा असेल तर हे काम द्यावे.

आवाज विजेत कसा बदलतो? सायकलचा डायनॅमो आठवा. त्यात लोहचुंबक तारेच्या वेटोळ्यात फिरतो. गिटारीत चुंबक आणि वेटोळे जागीच असते आणि वरची पोलादी तार थरथरते, म्हणून पितळी किंवा नायलॉनची तार इथे मुकी राहते. या वेटोळ्याला पिकअप म्हणतात. केसासारख्या बारीक इनॅमल तारेचे सात-आठ हजार वेढे त्यात असतात. मोटार रिवाइंडिंगवाला हौशी असेल तर करून पाहावे, पण पहिल्या वेळी विकतचे घेणे बरे.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. पिकअपमधली वीज एक व्होल्टही नसते, तिचे भय नाही. भय आहे ते 230 व्होल्टवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरचे. गिटारीच्या तारा त्याच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात. गणपतीच्या किंवा शारदेच्या मंडपात आकडा टाकून वीज घेतली, अर्थिंगची पिन तोडून दोन पिनांचा प्लग लावला आणि एका हातात तारा, तोंडाजवळ माईक अशी गाठ पडली, की शरीरातून वीज जाते. 1972 साली वेल्समधील स्वान्सी येथे लेस्ली हार्वे हा गिटारवादक ओल्या हाताने माईक धरताच भर कार्यक्रमात गेला. बोअरच्या मोटारीला कोळसा-मीठ घालून अर्थिंग करता, तशीच घरालाही हवी. तीन पिनांचाच प्लग आणि 30 मिलिॲम्पियरला तुटणारा आरसीसीबी लावल्याशिवाय पोराच्या हाती ॲम्प्लिफायर देऊ नका.

पैसे वाचतील म्हणून हा उद्योग करू नका. खुंट्या, घोडी, पिकअप, तारा यांचा खर्च धरला तर दुकानातली साधी गिटार फार महाग पडत नाही. पॉलिशला पळसावरच्या लाखेचा चपडा स्पिरिटात विरघळवून फडक्याने दहा-बारा हात द्या. तारा एकदम ताणू नका. निम्म्या ताणावर रात्रभर ठेवा, सकाळी दांडी पाहा, मग सुरात आणा. शेवटी प्रत्येक तार आधी मोकळी आणि मग बाराव्या पडद्यावर दाबून छेडा. दुसरा सूर पहिल्याच्या बरोबर दुप्पट उंचीचा हवा. तो त्याहून चढा लागला तर घोडी थोडी मागे सरकवा, उतरता लागला तर पुढे.